उजव्या हाताची पिशवी

फाउस्तोच्या घरात फ्रिज उघडायला बंदी होती. फाउस्तोला नाही, नूरीसलाही नाही, फक्त विल्किनला. सराव करून घामाघूम झालेलं पोर घरात यायचं, घशाला कोरड पडलेली, आणि थंड बाटलीसाठी त्याने हात पुढे केला रे केला की फाउस्तो ओरडलाच: "डावा हात मागे घे! तापल्या अंगाला गारवा लागला की हात आखडतो. शंभरदा सांगितलंय!" मग नूरीसने शिवणयंत्रावरून उठायचं, बाटली काढून द्यायची आणि पुन्हा येऊन बसायचं. शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच वाट बघत असायचा.

"पंधरा वर्षांचा घोडा झालाय," ती पुटपुटायची, "आणि पाणी आईने द्यायचं."

"तो घोडा नाही, पिचर आहे," फाउस्तो म्हणायचा. पिचर म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा.

डाव्या हाताने बादली उचलायची नाही. डाव्या हाताने दार ओढायचं नाही. डाव्या कुशीवर झोपायचं नाही. त्या हाताला वेगळा टॉवेल होता आणि चोळायला वेगळं मलम होतं. ते संपलं की बाकीच्या सामानाआधी ते यायचं. नूरीसला कधीकधी वाटायचं, पोर आपलं आहे, पण हात फाउस्तोचा आहे.

घर एकमजली होतं, सिमेंटच्या विटांचं. पण गच्चीवर आठ लोखंडी सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. बानी गावात दर दुसऱ्या घरावर अशा सळ्या दिसतात. वरचा मजला कधीतरी होईल, या आशेवर त्या गंजत असतात. फाउस्तोच्या सळ्यांना मात्र तारीख ठरलेली होती: विल्किनचा सोळावा वाढदिवस. सोळा पूर्ण झाली की अमेरिकन क्लबच्या करारावर सही, सहीचे पैसे आले की वरचा मजला. बाजारात तुरी, पण याच्या घरी वरण शिजायलाही लागलं होतं. खोल्या खडूने आखून झाल्या होत्या. पावसाने त्या पुसल्या की हा पुन्हा वर चढून आखायचा, आणि दर वेळी एखादी खोली वाढायची. नूरीस त्या सळ्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची. त्यांचा उपयोग होता तो तेवढाच.

आणि हे सगळं कशावरून? तर मोटारसायकलवर मागे बसलेल्या एका माणसावरून.

फाउस्तो मोटारसायकलवरून उतारू नेतो-आणतो. बारा वर्षांपूर्वी क्लबची टोपी घातलेला एक माणूस त्याच्या मागे बसला होता. बसस्टँडपर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात तो म्हणाला, "उजव्या हाताचे पिचर ढिगाने मिळतात. डावखुरा असेल तर दाखव. लंगडा असला तरी घेऊ." माणूस उतरला आणि निघून गेला. पुढच्या वळणावर तो ते विसरलाही असेल. पण फाउस्तो सुसाट घरी आला. अंगणात साडेतीन वर्षांचा विल्किन उजव्या हाताने आंब्यांना खडे मारत होता.

"हा डावखुरा होणार," फाउस्तोने जाहीर केलं.

"होणार म्हणजे? देवाने त्याला उजवा दिलाय."

"देवाने दिलाय, आपण वळवू. त्याच्या भल्याचंच आहे. लहानपणीच वळतं सगळं."

आणि पिशवी नूरीसने शिवली. फाउस्तोला सुईत दोरा ओवता येत नव्हता. गणवेशाच्या पँटांचं उरलेलं खाकी कापड घेऊन तिने लहानशी पिशवी शिवली. उजवा हात आत घालायचा, मनगटावर नाडी ओढायची आणि पिशवी चड्डीच्या कमरेला बटणाने अडकवायची. पोर रडायला लागलं, म्हणून तिने साधं बटण काढून लाल बटण लावलं, त्याला आवडावं म्हणून. काय ती अक्कल! दोन वर्षं सकाळी उठलं की पिशवी, झोपताना सोडायची. पोर डाव्या हाताने जेवायला शिकलं, डाव्याने लिहायला शिकलं, डाव्याने चेंडू टाकायला शिकलं. सगळं शिकलं, पण कशातच गोडी आली नाही.

आता सोळाव्याला पाच महिने उरले होते आणि डाव्या हाताचा चेंडू अजून ताशी एकोणऐंशी मैलांच्या पुढे सरकत नव्हता. तोही कुठे जाईल, हे टाकणाऱ्यालाच माहीत नसायचं.

"नव्वदच्या आसपास असल्याशिवाय ते लोक वही उघडत नाहीत," बियेन्वे मास्तर सांगायचे. मैदानावर वीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं होतं. गुडघा गेला होता, म्हणून पालथ्या बादलीवर बसून शिकवायचे. "डावखुऱ्याला थोडी सूट मिळते, फाउस्तो, पण एवढी नाही."

"तुम्ही त्याला दाबून ठेवताय, मास्तर. घरी तो नव्वद टाकतो."

"घरी मोजलंस कशाने?"

"डोळ्याने! बापाचा डोळा आहे हा!"

अशा माणसापुढे काय बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी. येत्या रविवारी क्लबची माणसं निवडीला येणार होती आणि फाउस्तोने गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा आमंत्रण दिलं होतं.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी नूरीस गणवेश पोचवायला चिंचेच्या झाडामागच्या गल्लीत गेली. तिथे पोरं विटिया खेळत होती. त्याला काही लागत नाही. पाण्याच्या मोठ्या जारचं झाकण हा चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट. विल्किन तिच्याकडे पाठ करून उभा होता आणि दांडा धरलेला पोरगा त्याला चिडवत होता.

"टाक रे डावखुऱ्या! का तुझ्या बापाला बोलावू टाकायला?"

"बोलाव. तोवर तू तीनदा आउट होशील."

विल्किनने झाकण टाकलं. उजव्या हाताने. झाकण सरळ येतंय असं वाटेपर्यंत भिरभिरत वळलं आणि दांड्याखालून गेलं. पोरगा स्वतःभोवतीच गिरकी घेऊन खाली बसला. सगळी गल्ली खिदळली आणि विल्किन सगळ्यांत मोठ्याने हसला. नूरीस गणवेशांचं गाठोडं छातीशी धरून उभीच राहिली. मैदानावर हे पोर कधी हसल्याचं तिला आठवेना. त्याने दुसरं झाकण टाकलं, तिसरं टाकलं. त्या हाताला कुणी काही शिकवलेलं नव्हतं आणि शिकवायची गरजही दिसत नव्हती.

मग विल्किन वळला. आई दिसताच त्याने उजवा हात झटकन खिशात घातला.

दोघं घरी निघाले.

"किती दिवस चाललंय हे?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून. पिशवी सुटली तेव्हापासून."

"पिशवी आठवते तुला?"

"लाल बटण होतं," विल्किन म्हणाला.

तिला वाटलं होतं, चार वर्षांचं पोर, काय लक्षात राहणार!

"आई, पप्पांना सांगू नकोस. मास्तरांनाही नको, कुणालाच नको."

"अरे, पण एवढा चांगला हात..."

"म्हणूनच!" तो रस्त्यातच थांबला. "मैदानावर जे टाकतो ते पप्पांचं आहे. हे माझं आहे. इथे कुणी वेग मोजत नाही, कुणी कुंपणामागून ओरडत नाही. सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगत."

"आल्ताग्रासिया मातेची शपथ?"

"आल्ताग्रासिया मातेची शपथ," नूरीस म्हणाली. आणि त्या घटकेला ते तिने मनापासून म्हटलं होतं.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी ती यंत्रावर बसली होती. पाय चालू होते आणि डोकं भलतीकडेच. वरच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने खिडक्या तीन. पडदे फिके निळे बरे दिसतील. एका खिडकीला दोन वार म्हटलं, तरी... तिसऱ्या खिडकीपाशी पोचल्यावर बाई शुद्धीवर आल्या. बारा वर्षं नवऱ्याच्या खडूच्या खोल्यांना नावं ठेवली आणि आता स्वतःच त्यांना पडदे लावत होती! पण कबूल कोण करतो? फाउस्तोचा तो हव्यास, आपली ती माया. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. एवढा हात गल्लीत वाया जातोय, शपथेपायी गप्प बसणं हेच पाप, असं तिने स्वतःला पटवलं. पटायला फार वेळ लागला नाही.

मैदानावर बियेन्वे मास्तर एकटेच होते, बादलीवर बसून चेंडू पुसत होते.

"मास्तर, माझ्या पोराचा उजवा हात तुम्ही कधी बघितलाय?"

मास्तरांनी चेंडू खाली ठेवला. "बघितलाय. तीन वर्षं झाली. कुंपणापलीकडे गेलेला चेंडू भान विसरून उजव्याने फेकला त्याने. थेट चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो की फाउस्तोशी. तो म्हणाला, उजवे ढिगाने मिळतात."

"माझ्याशी तरी बोलायचं!"

"तुझ्याशी?" मास्तरांनी तिच्याकडे वर बघितलं. "रागवू नकोस, बाई, पण पिशवी कुणी शिवली होती?"

तिने सरळ मुद्द्याचं काढलं. "रविवारी त्याला उजव्याने टाकू द्या. डाव्याचं काही जमलं नाही तर. शेवटचे चार-पाच चेंडू."

"त्याला विचारलंस?"

"पोराला काय विचारायचं? त्याच्या भल्याचंच आहे."

वाक्य फाउस्तोचं होतं, शब्दान् शब्द. तिच्या तोंडून निघालं आणि तिच्या कानांना कळलंही नाही. मास्तरांना कळलं असावं. ते उठले आणि लंगडत खोलीत गेले. आतून त्यांनी एक जुना ग्लोव्ह आणला. विल्किनचा ग्लोव्ह उजव्या हातात चढायचा. उजव्याने टाकायचं तर डाव्या हातात चढणारा दुसरा हवा.

"अंगठ्याजवळ फाटलाय," मास्तर म्हणाले. "शिवता येईल?"

"मला काय शिवता येत नाही ते सांगा," नूरीस म्हणाली. दोन दिवस जाड सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन ती तो ग्लोव्ह शिवत बसली. घरात कुणाची चाहूल लागली की गणवेशांखाली लपवायची.

रविवारी सकाळी विल्किन दारात थांबला. "आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, बाळा," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. ग्लोव्ह तिच्या बाजाराच्या पिशवीत होता.

मैदानावर अर्धी गल्ली लोटली होती. फाउस्तोने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो कुंपणाला असा चिकटून उभा होता की जाळीचे चौकोन कपाळावर उमटावेत. क्लबची दोन माणसं आली होती. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात वेग मोजायचं पिस्तूल. चार-पाच पोरं टाकून गेली, मग विल्किनचं नाव पुकारलं.

डाव्या हाताचा पहिला चेंडू जमिनीवर आपटला. दुसरा कॅचरच्या डोक्यावरून गेला. तिसरा बरा पडला. पिस्तुलवाल्याने आकडा सांगितला, अठ्ठ्याहत्तर.

"पिस्तूल बिघडलंय!" फाउस्तो ओरडला.

चौथा चेंडू बॅट धरलेल्या पोराच्या पाठीत बसता बसता राहिला.

"सूर्य डोळ्यांवर येतोय त्याच्या! अहो, उभं करायची काही रीत आहे की नाही? आग लाव, चॅम्पियन! आग लाव!"

"आग लागली तर आधी तुझ्या शर्टाला लागेल रे, फाउस्तो," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. विल्किनची मान खाली गेली. दहाव्या चेंडूला पुन्हा अठ्ठ्याहत्तरच. वहीवाल्याने वही मिटली.

नूरीसचा संताप संताप झाला. नवऱ्यावर, हसणाऱ्यांवर, त्या मिटलेल्या वहीवर. तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तर बादलीवरून उठले.

"साहेब, एक मिनिट. याचे पाच चेंडू उजव्या हाताने बघा."

"काय?" फाउस्तो म्हणाला.

नूरीसने कुंपणावरून ग्लोव्ह पुढे केला. विल्किन चालत आला. त्याने ग्लोव्हकडे बघितलं, अंगठ्याजवळच्या नव्या टाक्यांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"आई," एवढंच तो म्हणाला.

"टाक रे," ती म्हणाली. "एकदा दाखव सगळ्यांना."

त्याने ग्लोव्ह घेतला. पहिला चेंडू रागाने टाकला, तो मागच्या जाळीत घुसला. दुसरा कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असा वाजला की हसणारे गप्प झाले. चौऱ्याऐंशी. तिसरा, पंच्याऐंशी. चौथा बाहेर गेला. पाचवा पुन्हा पंच्याऐंशी, आणि बॅटवाल्याची बॅट खांद्यावरच राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विल्किनने कुणाकडेच बघितलं नाही. गल्लीत ज्या हाताने टाकताना तो खिदळत होता त्याच हाताने त्याने पाच चेंडू टाकले आणि चेहरा मात्र दगडासारखा.

वहीवाल्याने वही उघडली. "याचा मूळ हात उजवा आहे का?"

"जन्मापासून," मास्तर म्हणाले.

"मग इतकी वर्षं काय करत होता?"

मास्तरांनी फाउस्तोकडे बघितलं. माणसाने खांदे उडवले. "हात चांगला आहे. पण शिकलेला काहीच नाही. पाय चुकीचा पडतो, पकड चुकीची आहे. चार-पाच वर्षांपूर्वी याच हाताने सुरुवात केली असती तर आज सहीची गोष्ट बोललो असतो. आता वर्षभराने आणा. बघू."

त्या 'बघू'चा अर्थ बानीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. फाउस्तोला कळला नाही. त्याने फक्त 'सही' ऐकलं आणि 'वर्षभराने आणा' ऐकलं. तो कुंपणाला वळसा घालून धावत आला.

"ऐकलंत? ऐकलंत ना? दोन हात आहेत माझ्या पोराला! एका पोरात दोन पिचर!" जो दिसेल त्याचा हात तो हातात घेत होता. "मी म्हणतच होतो! मीच घडवलाय त्याला. उगीच का डावा तयार केला? उजव्याला विश्रांती दिली बारा वर्षं! ताजा हात आहे तो, ताजा!"

माणूस चुकतो, पस्तावतो, निदान दोन मिनिटं गप्प तरी बसतो. हा गडी चुकीच्याच डोक्यावर तुरा खोवून नाचत होता.

विल्किनने ग्लोव्ह काढून तिच्या हातात दिला आणि बापाच्या मोटारसायकलवर न बसता तो पायीच घराकडे निघाला.

दुपारी जेवायला भात, राजमा आणि रश्श्यातली कोंबडी होती. विल्किनला आवडते म्हणून नूरीसने पातेल्याच्या तळाची खरपूस खरवड त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवली होती. तो आत आला आणि सरळ ताटावर बसला. आशीर्वाद मागितला नाही. पंधरा वर्षांत बाहेरून येऊन आशीर्वाद न मागता तो पहिल्यांदा बसला. फाउस्तोच्या ते लक्षातही आलं नाही.

विल्किनने चमचा उचलला.

"अं हं," फाउस्तो म्हणाला. "उजव्या हाताने."

"काय?"

"आजपासून डावा बंद. एक वर्ष आहे आपल्याकडे. जेवण उजव्याने, लिहिणं उजव्याने, दात घासणं उजव्याने. सगळी ताकद तिकडे गेली पाहिजे. आणि आता फ्रिज उघड हवा तर, पण डाव्या हाताने उघड."

विल्किनने चमचा उजव्या हातात घेतला. बारा वर्षांत त्या हाताने एक घासही खाल्ला नव्हता. राजमा अर्धा ताटात सांडला, अर्धा शर्टावर.

"जमेल, जमेल," फाउस्तो कोंबडीचा पाय चोखत म्हणाला. तो अगदी खुशीत होता. "डावा मध्ये मध्ये करतो, दुसरं काय! नूरीस, ती पिशवी आहे का गं अजून? लाल बटणाची? जरा मोठी करून डाव्याला शिव."

ताटात मीठ वाढ म्हणावं तसं तो म्हणाला.

पिशवी होती. बटणांच्या डब्यात तळाशी होती. ती का ठेवली, हे नूरीसलाही सांगता आलं नसतं. तिला वाटलं, आता विल्किन बापावर ओरडेल, ताट भिरकावेल. त्याने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने तिच्याकडे बघितलं.

"एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला. खरवड तशीच राहिली.

"काय मागितलं होतं?" तोंडात घास घेऊन फाउस्तोने विचारलं.

नूरीस उठली. डबा काढला, बटणं टेबलावर ओतली आणि पिशवी उचलली. केवढीशी होती ती! तिची तीन बोटंही धड मावली नसती आत. तिने कात्री घेतली आणि पिशवी मधोमध कापली, मग पुन्हा आडवी कापली.

"अगं, वेड लागलं का तुला? कामाची वस्तू!"

"मी शिवली, मीच कापते."

"पण डाव्याला..."

"गप्प बस, फाउस्तो!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचा रेडिओ बंद झाला. "बारा वर्षं ऐकतेय तुझं! त्याचा एक हात तू घेतलास. एक उरला होता पोराला, लपवून ठेवलेला. तो मी त्याच्याकडून काढून आणला आणि तुझ्या हातात दिला. शपथ मोडून दिला. कळतंय का तुला मी काय केलंय ते?"

फाउस्तोने क्षणभर विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्याही पडल्या.

"मग चांगलंच केलंस की," तो म्हणाला. "नाहीतर मला कळलं कसं असतं?"

नूरीसने कात्री खाली ठेवली. हातात राहिली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. ती बाहेर गेली.

विल्किन फुटपाथच्या कडेला बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. चिंचेच्या गल्लीतली पोरं आज त्यांच्याच दारासमोर जमली होती. मैदानावरची बातमी त्यांना लागली होती. झाडूचा दांडा घेतलेला मंगळवारचा चिडवणारा पोरगा उगीचच जमिनीवर टकटक करत होता. आज कुणी चिडवत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. झाकण विल्किनच्या पायापाशी पडलं होतं.

नूरीस त्याच्या शेजारी बसली. तो थोडा सरकला, लांब.

"मी चुकले," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांना नावं ठेवता ठेवता मीही तेच केलं. मला वाटलं, तुझ्यासाठी करतेय."

तिने झाकण उचलून त्याच्यासमोर धरलं. त्याने घेतलं नाही, म्हणून तिने ते त्याच्या शेजारी ठेवलं.

"पिशवी कापून टाकली मी."

"बरं," विल्किन म्हणाला. त्याने झाकणाकडे बघितलं. "तू आत जा."

"जाते."

"बघायचं नाही. खिडकीतूनसुद्धा नाही."

"नाही बघत."

या वेळी त्याने शपथ मागितली नाही. तिच्या शपथेचा भाव दोघांनाही कळून चुकला होता. ती उठली, आत गेली, खिडकीच्या लाकडी पट्ट्या ओढून बंद केल्या, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

बराच वेळ बाहेर काहीच झालं नाही. मग हवेत झाकण भिरभिरल्याचा आवाज आला. कुणीतरी दांडा हवेत फिरवला आणि पोरांनी एकदम कल्ला केला.

फाउस्तो ताटावरून ताडकन उठला. हाड हातातच होतं. "टाकतोय! टाकतोय ना? कुठल्या हाताने टाकतोय? सरक, बघू दे मला."

"खाली बस. जेव."

"अगं, सरक म्हणतो ना! एवढंच सांग, डावा की उजवा?"

"मला माहीत नाही," नूरीस म्हणाली आणि तिने पाय जमिनीत आणखी घट्ट रोवले.

झाकण पुन्हा भिरभिरलं. बाहेर कुणीतरी हसलं. ते विल्किनच होतं का, हे जाणून घ्यायला तिचा जीव तुटत होता. फाउस्तोने कडीकडे हात नेला. तिने तो हात धरला, आणि सोडला नाही.